फेडची ओळख

गोंदियाच्या विडी कामगारांत आयुष्य घालविलेला मी आज कॅमेऱ्याविषयी बोलतो, याचे नवल वाटू देऊ नका. माझ्यापाशी जुना ‘फेड’ आहे. त्याच्या अंतरमापकाच्या खिडकीत माणूस दुहेरी दिसतो. भिंगाची कडी फिरवून दोन्ही प्रतिमा एकावर एक आणल्या, की अंतर जुळले. जर्मन लायकात ही सोय १९३२ साली आली. त्याच नमुन्यावर १९३४ पासून खारकोवला, मकारेंकोंनी उभारलेल्या वसाहतीत, एके काळच्या बेघर मुलांनी ‘फेड’ घडविला. आता काही लबाड ते नाव खरवडून वर ‘लायका’ कोरतात आणि संग्राहकांना चढ्या भावाने विकतात. मालावरून घडविणाऱ्याचे नाव पुसायची ही रीत आम्हां कामगारांना नवी नाही! घेण्यापूर्वी भिंग काढून आत पाहावे: लायकात अंतरमापकाच्या दांडीच्या टोकाला वाटोळी चकती फिरते, फेडमध्ये पाचरीसारखा भरीव तुकडा असतो. माझ्या कॅमेऱ्यात तो तुकडाच आहे.