वुजूचे पाणी आणि विजेचे युनिट

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्य आणि ऊर्जा’ हा धडा आहे. दरवर्षी आम्ही तो शिकवतो. मुले सूत्रे पाठ करतात, उदाहरणे सोडवतात, गुणही मिळवतात. पण घरच्या बिलावर छापलेले एक युनिट म्हणजे नेमके काय, असे विचारले की वर्ग गप्प होतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की हा धडा घरापासून सुरू करायचा. मुलांना सांगितले, ‘उद्या प्रत्येकाने घरचे वीजबिल घेऊन यायचे.’

दुसऱ्या दिवशी निम्म्याहून जास्त मुलांनी बिले आणली. काहींनी ‘विसरलो’ म्हणून सांगितले. एक मुलगी, जी कधी वर्ग चुकवत नसे, ती दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी तिचे अब्बू शाळेत आले. ते मोटार वायंडिंगच्या दुकानात कारागीर आहेत. आवाज चढवून त्यांनी विचारले, “सर, आमच्या घरचे बिल तुम्हाला कशाला पाहिजे? आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. चार खोल्यांना मिळून एक मीटर आहे. मालक दर महिन्याला ठरलेली रक्कम घेतो. बिल आम्ही कधी पाहिलेलेच नाही. पोरगी रडतेय की सगळ्यांसमोर काय सांगू.”

आम्ही त्यांची माफी मागितली. चूक आमचीच होती. प्रत्येक घरात बिल येते, हे आम्ही गृहीत धरले होते. विज्ञान शिकवताना आपण एखाद्या मुलाच्या घराची गरिबी वर्गासमोर उघडी तर करत नाही ना, हे आधी पाहायला हवे होते. मग आम्ही विचार केला, असा कोणता प्रयोग आहे जो भाड्याच्या खोलीतही होतो आणि बंगल्यातही होतो? उत्तर समोरच होते: वुजू.

प्रयोग साधा आहे. नळाखाली बादली ठेवायची, नेहमीसारखा वुजू करायचा आणि बादलीत जमलेले पाणी एक लिटरच्या बाटलीने मोजायचे. ज्यांच्याकडे नळ नाही त्यांनी बधना भरून घ्यायचा आणि शेवटी किती उरले ते पाहायचे. घरातल्या प्रत्येकाचे तीन वेळा मोजायचे आणि सरासरी काढायची. अट एकच, कोणालाही आधी सांगायचे नाही की पाणी कमी वापरा. नाहीतर प्रयोगच फसेल.

आठवड्याने आकडे फळ्यावर लिहिले. नळ उघडा ठेवून वुजू करणाऱ्यांचे पाणी बहुतेक चार लिटरच्या आसपास होते, काहींचे सहाच्या पुढे. बधन्याने करणाऱ्यांचे साधारण दीड लिटर. सर्वांत कमी आकडा त्याच मुलीच्या दादीचा निघाला: एक लिटर आणि वर थोडेसे. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पण त्या मुलीने हात वर करून विचारले, “सर, आमच्याकडे पाणी खालून भरून आणावे लागते, म्हणून दादी कमी वापरते. नाइलाजाने कमी वापरले तर त्यात काय मोठेपण?”

प्रश्न फार चांगला होता. आम्ही मुलांना सांगितले की प्रेषित हजरत मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत आणि एक साअ म्हणजे चार मुद्द, फार तर पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. मुद्द म्हणजे आजच्या मापात पाऊण लिटरच्या आसपास. हनफी हिशेबाने थोडे जास्त. इब्ने माजा यांच्या संग्रहात हजरत सअद (र.) यांच्या वुजूचा प्रसंग आहे. पाणी जास्त जात असल्याचे पाहून पैगंबरांनी (स.) त्यांना टोकले. वुजूमध्येही इसराफ असतो का, असे त्यांनी विचारले तेव्हा वाहत्या नदीकाठी बसलो तरी असतो, असा उत्तराचा आशय आहे. म्हणजे काटकसरीचा हुकूम टंचाईसाठी नाही. पाणी भरपूर असतानाही तो आहे. दादींची सवय नाइलाजाने लागली असेल, पण ती सुन्नतच्या जवळची आहे. आपल्याला मात्र ती समजून-उमजून लावून घ्यायची आहे.

आता यात ऊर्जा कुठे आली? इथे मुलांना हिशेब करायला लावला. पाच जणांचे घर, प्रत्येकी पाच वेळा वुजू. दर वेळी अडीच लिटर वाचले तर दिवसाला साडेबासष्ट लिटर होतात. एका मुलाने घाईने लिहिले की यामुळे पंपाची खूप वीज वाचेल. आम्ही म्हणालो, मोजून पाहा. एवढे पाणी दहा मीटर उंच टाकीत चढवायला साधारण 6,125 ज्यूल लागतात. एक युनिट म्हणजे 1,000 वॅटचे उपकरण एक तास चालवणे, म्हणजे 36 लाख ज्यूल. पंपात वाया जाणारी ऊर्जा धरली तरी एका युनिटचा शंभरावा भागही होत नाही. मुलाचा चेहरा उतरला.

मग विचारले, थंडीत वुजूला पाणी कसले घेता? गिझरचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे 4,200 ज्यूल लागतात. तेच साडेबासष्ट लिटर वीस अंशांनी तापवले तर साडेबावन्न लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ दीड युनिट. पाचही जण पाचही वेळा गरम पाणी घेतात असे धरले, तर महिन्याला चाळीसच्या वर युनिट! पाणी उचलायला ऊर्जा थोडी लागते, तापवायला खूप लागते, ही गोष्ट त्या दिवशी मुलांना जी समजली ती सूत्रांनी कधी समजली नसती. चांगल्या हेतूने केलेला अंदाजही चुकू शकतो आणि तो मोजूनच तपासावा लागतो, हेही कळले.

हे युनिट येते कुठून, हा पुढचा तास. कोयनेला पाण्याच्या जोरावर 1,960 मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प आहे, तर चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची 2,920 मेगावॅट क्षमता कोळशावर चालते. कोळशाच्या एका युनिटमागे अर्ध्या किलोहून जास्त कोळसा जळतो. त्याचा धूर आणि राख आपल्या खोलीत येत नाही, पण चंद्रपूरच्या आसपास राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला येते. शेजाऱ्याचा हक्क आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूसही एका अर्थाने शेजारीच आहे.

धड्याच्या शेवटी आम्ही त्या मुलीच्या अब्बूंना वर्गात बोलावले. आधी ते तयार नव्हते. “आम्ही काय शिकवणार, सर? आम्ही आठवी नापास,” म्हणाले. पण जळालेली एक मोटार घेऊन आले. तांब्याची तार, तिचे वेढे, पातळ तार भरली तर मोटार का तापते आणि जास्त वीज का खाते, हे त्यांनी हाताने उघडून दाखवले. पंख्याच्या पाठीवरची पट्टी वाचायला शिकवले. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो, नव्या बीएलडीसी पंख्याला 30 वॅटच्या आसपास पुरतात. मुलगी पहिल्या बाकावर बसून वहीत लिहीत होती.

ती आता दहावीला आहे. तिला अकरावीला सायन्स घ्यायचे आहे. घरात अजून एकमत नाही. कॉलेज लांब आहे, खर्च आहे, लोक काय म्हणतील हेही आहे. आम्ही तिच्या अब्बूंशी दोनदा बोललो आहोत, पुन्हा बोलणार आहोत. त्यांनी नकार दिलेला नाही. “बघू, इन्शाअल्लाह,” म्हणतात.

पालकांना आमची विनंती आहे. मुलांचे विज्ञान शिकवणीच्या वर्गावर सोडून देऊ नका. या रमजानपूर्वी घरात बादली आणि बाटली घेऊन वुजूचे पाणी मोजा. उपकरणांच्या पट्ट्यांवरचे वॅट मुलांकडून लिहून घ्या आणि तासांनी गुणायला सांगा. मस्जिदच्या कमिटीत असाल तर वुजूखान्याच्या नळांना धार कमी करणाऱ्या जाळ्या बसवा आणि गळके नळ बदला. मोजण्याचे काम मुलीलाही द्या, हिशेब तिला मांडू द्या. आणि तिने प्रश्न विचारला तर गप्प बसवू नका. पाणी आणि वीज ही अल्लाहची अमानत आहे, आणि मुलांची समज हीसुद्धा.