संगणकाचा पडदा व त्याची तार

सन २०२० च्या जुलै महिन्यांत आमच्या मुलुंडच्या घरीं एका तारेवरून कलह माजला. शाळा बंद होत्या आणि नातवाचे वर्ग घरबसल्या चालत. त्याजकरितां चिरंजीवांनीं नवा संगणक आणला. पडदा मात्र जुनाच, आमच्या कन्येनें पहिल्या पगारांतून घेतलेला. दुकानदारानें एका टोकास नव्या व दुसऱ्या टोकास जुन्या धर्तीची जोडणी असलेली साधी तार दिली. दोन्ही टोकें नेमकीं बसलीं, पण पडदा काळाच राहिला. "गेला हा, भंगारांत द्या," असें चिरंजीव म्हणाले. तें ऐकून आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी आलें. नातवाचे चार दिवसांचे पाठ बुडाले तें निराळेंच.

दोष पडद्याचा नव्हता, हें मागाहून कळलें. वाचक बंधुभगिनींची अशी फसगत होऊं नये म्हणून हें टिपण.

चित्र पाठविण्याच्या रीती दोन. पहिली अनुरूप, म्हणजे अ‍ॅनालॉग. हींत रंग जितका तेजस्वी तितका तारेंतील विजेचा दाब अधिक. सन १९८७ मध्यें आय. बी. एम. कंपनीनें आणलेली 'व्ही. जी. ए.' जोडणी या जातीची. तींत तीन ओळींत १५ पिना असतात. तांबडा, हिरवा व निळा या रंगांच्या तीन स्वतंत्र वाटा, आणि ओळ केव्हां संपली व चित्र केव्हां संपलें हें सांगणाऱ्या दोन खुणा. त्या काळचे काचेच्या नळीचे पडदे असाच चढउतार मागत. त्यांस ती योग्यच होती. दुसरी रीत अंकीय, म्हणजे डिजिटल. हींत प्रत्येक ठिपक्याचा रंग आंकड्यांनीं कळवितात.

दोहोंतील भेद असा : चित्रावरून चित्र काढलें कीं रेघ थोडी तरी ढळते. श्लोक उतरवून घेतला तर अक्षर वाईट असलें तरी 'क' चा 'क' च राहतो. मात्र अक्षर मुळींच लागेनासें झालें कीं सर्वच बुडतें. म्हणून अनुरूप तार बिघडली तर चित्र अंधुक होतें वा त्यास छाया पडते. अंकीय तार बिघडली तर ठिपके चमकतात वा पडदा काळा होतो.

सन १९९९ ची 'डी. व्ही. आय.', सन २००२ ची 'एच. डी. एम. आय.' व सन २००६ ची 'डिस्प्लेपोर्ट' या नव्या जोडण्या. एच. डी. एम. आय. च्या १९ पिनांतून चित्राबरोबर ध्वनिही जातो. डी. व्ही. आय. मात्र अर्धनारीनटेश्वर! तिच्या चपट्या पातीभोंवतीं चार पिना असल्या तर तींतून अनुरूप चित्रही मिळूं शकतें. नसल्या तर केवळ अंकीय.

अंकीय जोडणीचे आंकडे व्ही. जी. ए. पडद्यास वाचतां येत नाहींत. मध्यें दुभाष्या लागतो. मुंबईकरांनीं तो पूर्वीं पाहिला आहे. ३१ ऑक्टोबर २०१२ रोजीं शहरांतील केबलचें अनुरूप प्रसारण थांबविण्याची मुदत संपली आणि बोरिवली, अंधेरी, घाटकोपर येथें घरोघर सेट-टॉप बॉक्स आले. तो बॉक्स आंकड्यांचें चित्र करून पिवळ्या, तांबड्या व पांढऱ्या तोंडांच्या तारांनीं जुन्या टीव्हीस देई. आमच्या साध्या तारेंत असा दुभाष्या नव्हता. पुढें चिप असलेला 'एच. डी. एम. आय. ते व्ही. जी. ए.' कन्व्हर्टर आणविला, आणि चित्र तत्काळ उमटलें.

तो घेतांना दिशा अवश्य पाहावी. उलट दिशेचा चालत नाहीं. व्ही. जी. ए. तून ध्वनि जात नाहीं, म्हणून ध्वनीची निराळी खाच असलेला घ्यावा. पडद्यास दोन्ही प्रकारच्या जोडण्या असतील तर अंकीयच वापरावी. सपाट पडद्यास व्ही. जी. ए. नें चित्र दिलें तर आंकड्यांचा दाब व दाबाचे पुन्हां आंकडे असें दोनदां भाषांतर होतें, आणि बारीक अक्षरें पुसट दिसतात. तसें झाल्यास पडद्याचें 'ऑटो' बटण दाबून पाहावें.

तो पडदा आजही आमच्या घरीं चालू आहे. चिरंजीव आतां कोणतेंही यंत्र भंगारांत देण्यापूर्वीं आम्हांस दाखवितात. आणि आमचें कुटुंब त्या पडद्यावरची धूळ रोज आपल्या पदरानें पुसतें.