उष्णतेचा पंप उलटतो कसा?

शीतकपाटाच्या पाठीस हात लावला असतां ती ऊन लागते, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. आंतील उष्णता नष्ट होत नाहीं. ती बाहेर टाकली जाते. हीच उष्णता वाहून आणून घर तापवितां येईल, असें विल्यम टॉम्सन (पुढें लॉर्ड केल्विन) यांनीं १८५२ सालींच सुचविलें होतें.

आज थंड देशांत एकच यंत्र हिवाळ्यांत घर तापवितें व उन्हाळ्यांत गार करितें. मग तें उलट फिरत असेल, असें वाटतें. पण तसें नव्हे. वायु दाबणारा पंप सदैव एकाच दिशेनें चालतो. उलटते ती चार तोंडांची एक झडप. तिच्यांतील पट्टी सरकली कीं दाबलेला उष्ण वायु बाहेरच्या वेटोळ्या नळीऐवजीं आंतल्या नळींत जातो आणि द्रवरूप होतांना आपली उष्णता खोलीस देतो. पुढें तो द्रव अरुंद वाटेनें निघून बाहेरच्या नळींत पुन्हां वायुरूप होतो, व तेथील गार हवेंतूनही उष्णता शोषून घेतो. पट्टी सरकविण्यास वीज थोडकीच लागते. खरा जोर त्या वायूच्याच दाबाचा!

बाहेरच्या नळीवर बर्फ सांचलें म्हणजे ऐन थंडींतही झडप कांहीं मिनिटें उलटते व घरांतली उष्णता नेऊन तें वितळविते. त्या वेळीं ऊब थांबली म्हणून यंत्र बिघडलें असें समजूं नये.