तिसऱ्या घंटेआधीची भाकरी

नाटकवाल्यांच्या हिशेबात रविवारचे तुकडे तीन: सकाळ, दुपार आणि रात्र. दादरच्या शिवाजी मंदिरासारख्या नाट्यगृहात दुपारचं नाटक सातच्या सुमारास सुटतं आणि रात्रीचं साडेआठच्या आसपास सुरू होतं. मधल्या वेळात एका नाटकाचं नेपथ्य उतरून टेम्पोत जातं, दुसऱ्याचं आत येऊन ठोकलं जातं, दिवे लागतात. दोन्ही नाटकं पाहणाऱ्याच्या हाती यातला जेमतेम तास येतो आणि त्यातच त्याला जेवायचं असतं. ही अडचण रंगभूमीइतकी जुनी नाही. १८८० साली ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आणणाऱ्या किर्लोस्करांच्या काळात, आणि पुढे बालगंधर्वांच्या काळातही, नाटक रात्री सुरू होई आणि वन्समोअर घेत घेत मध्यरात्र कधीच ओलांडून जाई. प्रेक्षक घरून जेवून येत, कंपनीचा स्वतःचा आचारी असे. पुढे नाटक पाच अंकांवरून दोनवर आलं, तीन तासांत मावायला लागलं, एकाच रंगमंचावर दिवसाला दोन-तीन नाटकं बसायला लागली आणि जेवण मध्येच अडकलं.

यावर मराठी नाट्यगृहाचं ठरलेलं उत्तर म्हणजे बटाटेवडा. वड्याबद्दल वाईट बोलायची माझी छाती नाही, पण वडा मध्यंतरासाठी आहे. पंधरा मिनिटांत रांग, कूपन, वडा, चहा एवढं बसतं, आणि पुढचा अंक तासाभराचाच असतो. दोन नाटकांच्या मध्ये तीन वडे खाऊन पुन्हा तीन तास खुर्चीत बसणं वेगळं. पहिल्या अंकात जळजळ, दुसऱ्यात भूक. म्हणजे ताटच हवं. आणि ताटाला वेळ लागतो तो कशाने, हे एकदा नीट पाहायला हवं.

खानावळीत भाजी, आमटी, उसळ, चटण्या सगळं आधीच तयार असतं. खोळंबा होतो तव्यापाशी. एक भाकरी थापून भाजायला अडीच मिनिटं धरू. नाटक सुटल्यावर चाळीस माणसं एकदम आली, प्रत्येकी दोन भाकरी, म्हणजे ऐंशी. दोन तवे अखंड पेटते ठेवले तरी शंभर मिनिटं. दीड तासाच्या सुट्टीत हे गणित सुटत नाही, मग मालकाने कितीही ‘आलीच, आलीच’ म्हटलं तरी. वेटर वाढवून उपयोग नाही, टेबलं वाढवून तर नाहीच. त्यामुळे दोन प्रयोगांच्या मधलं जेवण पटकन शिजणारं नसून आधीच शिजून थांबलेलं असावं लागतं, असं माझं म्हणणं आहे. जपान्यांना हे फार पूर्वी उमगलं. एदो काळातल्या दिवसभर चालणाऱ्या काबुकीत प्रेक्षक जो डबा खात, त्याचं नावच ‘माकुनोउची’, म्हणजे दोन अंकांच्या मधला. त्यात भाताचे गार मुटके असत आणि बाकीचे पदार्थही गारच चालणारे. लंडन-न्यूयॉर्कात नाट्यगृहांभोवतीची हॉटेलं नाटकाआधी चार-सहा पदार्थांचा आटोपशीर मेनू ठेवतात, तीही याचीच कबुली.

आपल्याकडे या कोड्याचं उत्तर नाटकवाल्यांनी शोधलं नाही, ते ज्वारीच्या रानात तयारच होतं. सोलापुरातून विजापूर रस्त्याने वीसएक किलोमीटर गेलं की मंद्रूप. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, आणि घरात मराठीइतकीच कानडी. इथली कडक भाकरी म्हणजे वाळून गेलेली शिळी भाकरी नव्हे, तो मुद्दाम केलेला जिन्नस आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटा नसतो, म्हणून ते गरम पाण्यात मळायचं. पीठ जुनं असेल तर त्याची विरी गेलेली असते, मग भाकरी थापतानाच कडेने फाटते. रोजच्यापेक्षा पातळ थापून ती तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, विस्तवावर फुगवायची. इथवर सगळं नेहमीचंच. खरं काम पुढे: ती चुलीच्या कडेला निवत्या आचेवर उभी टेकवायची आणि आतला ओलावा पार जाईपर्यंत तशीच राहू द्यायची. घाई केली तर पापुद्रा करपतो आणि पोट ओलं राहतं, त्या भाकरीला पुढे बुरशी धरते. नीट जमलेली भाकरी बोटाने वाजवली की पत्र्यासारखी वाजते, आणि कित्येक दिवस टिकते. सोबत उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगा चटणी. लिंगायत खानावळीत हिलाच शेंगा हिंडी म्हणतात. ती चटणी, भरलं वांगं, मटकी, दही आणि कांदा आला की ताट पुरं होतं. भाकऱ्यांची चवड समोरच असते. गिऱ्हाईक हात धुऊन बसेपर्यंत ताट पुढ्यात.

यावर पहिला आक्षेप कडकपणाचाच येईल: दात कोणाचे, आणि एवढा वेळ चावायचं कधी? पण ही भाकरी कोरडी खायचीच असं कुठे आहे? ती आमटीत किंवा दह्यात कुस्करायची, दोन मिनिटांत मऊ होते. खिशात घालून प्रेक्षागृहात मात्र नेऊ नये. करुण प्रसंगात तिचा एक तुकडा मोडला तर नायिकेला शेवटच्या रांगेतूनही दाद ऐकू जाईल. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. तव्यावरून थेट ताटात आलेल्या भाकरीची सर हिला नाही. खरंच नाही. मालदांडीची गरम भाकरी आणि वर लोण्याचा गोळा यापुढे कडक भाकरी दुय्यमच. पण सात वाजता नाटक सुटलेल्या माणसापुढे गरम भाकरी की कडक, अशी निवड नसते. कडक भाकरी आत्ता खायची की गरम भाकरीची वाट पाहत पहिला प्रवेश घालवायचा, एवढंच त्याच्या हाती असतं. कोणी म्हणेल, सोलापुरात एका दिवशी दोन नाटकं लागतात कुठे? हुतात्मा स्मृती मंदिरात मुंबई-पुण्यासारखी रोजची वर्दळ नसते, हे कबूल. म्हणून तर ही भाकरी जिथे गर्दी आहे तिथे जायला हवी. पाकिटातून ती पुण्या-मुंबईच्या दुकानांत पोचली आहेच. नाट्यगृहाच्या कॅन्टीनपर्यंत यायला तिला कॅन्टीनच्या ठेक्यातल्या एका ओळीपलीकडे काय लागतं?

तिसऱ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. भाकरी आधी झालेली असते म्हणजे वेळ वाचलेला नसतो, तो दुसऱ्या कोणीतरी दिलेला असतो. गिऱ्हाइकाचा अर्धा तास वाचतो तो कुठल्यातरी चुलीपुढे आदल्या दिवशी बसलेल्या बाईच्या अर्ध्या दिवसातून. बचत गटांमुळे त्या कामाला निदान पैसे मिळायला लागले. पण हीच भाकरी ‘साधं, गावाकडचं’ म्हणून स्वस्तात मागणारं गिऱ्हाईक बाहेर आठवण म्हणून चार पाकिटं घेताना घासाघीस करतं, आणि आत तिकिटाचे पाचशे रुपये विनातक्रार मोजतं. ताटाचा दर ठरवताना भाजीबरोबर ती आचही मोजायला हवी, गिऱ्हाइकाने आणि त्याहून जास्त खानावळवाल्याने.

आणि या सगळ्यात ज्याला खरोखर जेवायला वेळ नसतो, तो प्रेक्षक नव्हेच. प्रेक्षक रस्त्यावर हॉटेल शोधत असतो तेव्हा पडद्यामागची माणसं एका नाटकाचा दिवाणखाना मोडून दुसऱ्याचा बंगला उभा करत असतात. त्यांना ताट मांडून बसता येत नाही. एका हातात हातोडी असताना दुसऱ्या हातात मावेल आणि ठेवलं तर तासाभराने परत उचलता येईल असंच काहीतरी त्यांना लागतं. आमटी तिथे चालत नाही. चटणी लावलेला भाकरीचा तुकडा चालतो. पहिली घंटा झाली की तो कागदावर ठेवायचा आणि तिसरीनंतर, पडदा वर गेल्यावर, विंगेच्या अंधारात आवाज न करता उरलेला संपवायचा. तेवढ्यासाठी तो आधी चहात बुडवून घेतात की नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.