सुगंधी मेणबत्ती

सुगंधी मेणबत्ती म्हणजे मेणात सुगंधी द्रव्य मिसळून व त्यात वात बसवून तयार केलेली, जळताना खोलीत सुगंध पसरवणारी मेणबत्ती होय. साध्या मेणबत्तीचा हेतू प्रकाश देणे हा असतो. सुगंधी मेणबत्तीत प्रकाश दुय्यम ठरतो. कारखान्यात यंत्रांवर होणाऱ्या उत्पादनाबरोबरच ही मेणबत्ती घरगुती व लघुउद्योगाच्या पातळीवर हाताने बनवली जाते. या हस्तकलेला भांडवल कमी लागते. वजनकाटा, तापमापक, वितळवण्याचे भांडे आणि साचे एवढ्या साहित्यावर काम सुरू होते. त्यामुळे महिला बचत गट आणि अपंगांच्या प्रशिक्षण संस्था यांमध्ये ती विशेष रुजली आहे. मात्र सुरुवात सोपी असली तरी चांगली सुगंधी मेणबत्ती बनवणे सोपे नाही.

नाव आणि पूर्वपीठिका

मराठीतील ‘मेण’ हा शब्द मधमाश्यांचे मेण या अर्थाच्या ‘मदन’ या संस्कृत शब्दापासून, तर ‘बत्ती’ हा वात या अर्थाच्या ‘वर्ति’पासून आला आहे. म्हणजे मूळ अर्थाने मेणबत्ती ही मधमाश्यांच्या मेणाचीच. संस्कृतात याच मेणाला ‘मधूच्छिष्ट’ असेही नाव आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मेणाचा साचा वापरून धातूची मूर्ती ओतण्याची रीत सांगितली आहे. मेण ओतकामासाठी परिचित होते, पण घरातील उजेडासाठी महाराष्ट्रात पणती, समई, लामणदिवा असे तेलाचे दिवेच रूढ राहिले.

युरोपात सामान्य माणसाची मेणबत्ती जनावरांच्या चरबीची असे आणि ती जळताना दुर्गंधी येई. मधमाश्यांच्या मेणाची मेणबत्ती चर्च आणि श्रीमंतांपुरती मर्यादित होती. एकोणिसाव्या शतकात हे चित्र बदलले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्ह्रल याने चरबीतून स्टिअरिक आम्ल वेगळे केले आणि १८२५ मध्ये गे-ल्युसॅक याच्यासह त्यापासून मेणबत्ती बनवण्याचे पेटंट घेतले. त्याच सुमारास फ्रान्समध्येच कांबासेरेस याने विणलेली वात आणली. पिळाची वात जळताना तिचे टोक ज्योतीच्या मधोमध उभे राहते आणि वरचेवर कातरावे लागते. विणलेली वात मात्र बाजूला कलते, तिचे टोक ज्योतीच्या कडेला येऊन आपोआप जळून जाते. १८३० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन रायखेनबाख याने पॅराफिन वेगळे केले. पुढे खनिज तेलापासून ते मुबलक मिळू लागले. शुद्ध पॅराफिनला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मेणबत्तीला हवा तो सुगंध देता येऊ लागला, त्यामागे मेणाचा हा गंधहीनपणा आहे.

सुगंध कसा पसरतो

मायकेल फॅरडे याने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावर व्याख्याने दिली. घन मेण स्वतः जळत नाही, ही त्यातील मूलभूत गोष्ट. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, केशाकर्षणाने वातीतून वर चढते, तेथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते.

सुगंधी मेणबत्तीत या साखळीला एक समांतर क्रिया जोडली जाते. वातीतून वर गेलेल्या मेणाबरोबर गेलेला सुगंध ज्योतीत बहुतांशी जळून नष्ट होतो. खोलीत पोहोचतो तो मुख्यतः वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या पृष्ठभागावरून उडणारा सुगंध. त्यामुळे मेणबत्ती किती दरवळेल हे त्यात किती सुगंधी तेल घातले आहे यापेक्षा वितळलेल्या मेणाचे तळे किती रुंद आणि किती गरम आहे यावर अधिक अवलंबून असते. आणि तळ्याचा आकार वात ठरवते. नवशिके कारागीर दरवळ कमी वाटला की तेल वाढवतात. पुष्कळदा चूक वातीच्या जाडीत असते. मेणबत्ती न पेटवता हुंगल्यावर येणारा वास आणि ती जळताना येणारा वास हे दोन्ही वेगळे असतात. दुकानात झाकण उघडून वास घेणाऱ्या ग्राहकाला पहिलाच कळतो.

मेण

पॅराफिन हे सर्वांत स्वस्त व सहज मिळणारे मेण असून त्याचा वितळणांक प्रकारानुसार साधारण ४६ ते ६८ अंश सेल्सियस असतो. साच्यातून काढून उभ्या राहणाऱ्या मेणबत्त्यांसाठी वरच्या, तर काचेच्या पेल्यात ओतायच्या मेणबत्त्यांसाठी खालच्या वितळणांकाचे मेण निवडतात. कडकपणा यावा म्हणून त्यात थोडे स्टिअरिक आम्ल मिसळतात. सोयाबीन तेलाचे हायड्रोजनीकरण करून मिळणारे सोया मेण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेत मेणबत्तीसाठी वापरात आले. ते मऊ असते व साधारण ५० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून ते पेल्यातील मेणबत्त्यांसाठीच योग्य. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, सावकाश जळते आणि त्याला मधाचा स्वतःचा मंद गंध असतो. दुसरा नाजूक सुगंध त्याखाली दबतो.

मुंबई आणि कोकणपट्टीत हवामानाचा विचार मेण निवडतानाच करावा लागतो. थंड प्रदेशासाठी लिहिलेले प्रमाण येथे जसेच्या तसे लागू पडत नाही. उन्हाळ्यात बंद टेम्पोतून नेलेल्या सोया मेणाच्या मेणबत्त्या कडांनी पाघळतात आणि पृष्ठभागावर सुगंधी तेलाचे थेंब जमतात. कारागीर याला मेणाला ‘घाम येणे’ म्हणतात. पावसाळ्यात वाती व सुकी फुले ओलावा धरतात. ओली वात पेटवली की ती तडतडते, म्हणून वाती हवाबंद डब्यात ठेवल्या जातात.

सुगंधी द्रव्ये

सुगंधासाठी वनस्पतींपासून काढलेली बाष्पनशील तेले किंवा कृत्रिम रसायनांच्या मिश्रणाने बनवलेली सुगंधी तेले वापरतात. गवती चहा, निलगिरी, लवंग, वाळा यांची तेले भारतात तयार होतात. मोगऱ्यासारख्या नाजूक फुलांचे शुद्ध अर्क मात्र इतके महाग असतात की माफक किमतीच्या ‘मोगरा’ मेणबत्तीतील सुगंध हा प्रायः कृत्रिमच असतो. त्यात गैर काही नाही. फसवणूक होते ती वेष्टनावर ‘नैसर्गिक’ असे छापल्यावर. कृत्रिम सुगंधी तेल मेणात मिसळण्यासाठीच बनवलेले असल्यास ते अनेकदा नैसर्गिक तेलापेक्षा अधिक स्थिर राहते. लिंबूवर्गीय तेले लवकर उडून जातात, तर व्हॅनिलिन असलेल्या सुगंधाने पांढरे मेण काही दिवसांत तपकिरी पडते.

मुंबईत मोहम्मद अली रोडवरील दुकानांत मिळणारी अत्तरे थेट मेणात घालण्याचा मोह अनेकांना होतो. अत्तर हे अंगाला लावण्यासाठी असते. त्याचे आधारतेल मेणात एकजीव होईल आणि वातीतून नीट वर चढेल याची खात्री नसते. गुलाबपाण्यासारखे पाणी असलेले कोणतेही द्रव्य तर मेणात मिसळतच नाही व ज्योत तडतडते. मेणात रोवलेल्या सुक्या गुलाबपाकळ्या, दालचिनीचे तुकडे किंवा कॉफीच्या बिया छायाचित्रात शोभतात, पण वितळलेल्या मेणात त्या सुट्या होऊन वातीजवळ आल्या की स्वतःच वात होतात आणि पेट घेतात.

बनवण्याची पद्धत

मेणाचे भांडे थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्याच्या दुसऱ्या भांड्यात ठेवून वितळवतात. यामुळे मेणाचे तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपलीकडे जात नाही. सोया मेण साधारण ७० ते ८० अंशांपर्यंत तापवून त्यात सुगंधी तेल घालतात आणि दोन मिनिटे संथपणे ढवळतात. घाईने ढवळल्यास हवेचे बुडबुडे अडकतात, कमी ढवळल्यास तेल तळाशी बसते.

प्रमाण वजनानेच घेतले जाते. प्रत्येक तेलाची घनता वेगळी असल्याने चमच्याने किंवा मिलिलिटरमध्ये मोजलेले प्रमाण दर वेळी बदलते. पेल्यातील मेणबत्तीत मेणाच्या वजनाच्या ६ ते १० टक्के सुगंधी तेल घालण्याची पद्धत आहे. उदाहरणार्थ, १८० ग्रॅम मेणासाठी ८ टक्के दराने १४.४ ग्रॅम तेल लागते. मेण सामावून घेऊ शकेल त्यापेक्षा जास्त तेल घातल्यास ते वेगळे होऊन वर येते व वात चोंदते.

वात धातूच्या छोट्या बैठकीत पकडून पेल्याच्या तळाशी मधोमध चिकटवतात आणि वरच्या टोकाला आडव्या काडीने सरळ धरतात. काही वातींच्या गाभ्यात पूर्वी ताठपणासाठी शिशाची तार असे. जळताना शिसे हवेत मिसळते म्हणून अमेरिकेने २००३ मध्ये अशा वातींवर बंदी घातली. आता कापूस, कागद किंवा लाकडाच्या पातळ पट्टीची वात वापरली जाते. मेण ओतल्यावर ते वाऱ्यापासून दूर, सावकाश थिजू देतात. पॅराफिनची मेणबत्ती एकदोन दिवसांत वापरता येते, पण सोया मेणाचे स्फटिक सावकाश स्थिरावत असल्याने तिला एक ते दोन आठवडे ‘मुरू’ देतात. दिवाळीच्या मागण्या पूर्ण करताना हाच टप्पा प्रथम गाळला जातो आणि मग मेणबत्तीला वास येत नसल्याच्या तक्रारी येतात.

या कलेतील सर्वांत वेळखाऊ भाग ओतकाम नसून जाळून पाहणे हा आहे. पेला, मेण, रंग किंवा सुगंध यांपैकी एक जरी बदलले तरी योग्य वातीची निवड नव्याने करावी लागते. त्यासाठी तोच माल दोनतीन जाडीच्या वाती घालून ओततात आणि प्रत्येक मेणबत्ती तळापर्यंत जाळून नोंदी ठेवतात. वात बारीक असेल तर मधोमध विहिरीसारखा खड्डा पडतो आणि कडेचे मेण वाया जाते. जाड असेल तर ज्योत उंच होते, काजळी धरते आणि काच तापते. सोया मेणावर दिसणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी मात्र दोष नाही. ते मेणाचेच स्फटिक असतात.

महाराष्ट्रातील परंपरा आणि उद्योग

मुंबई उपनगरात मेणाच्या हस्तकामाचे सर्वांत ठळक दर्शन वांद्र्याच्या माउंट मेरी बॅसिलिकेजवळ घडते. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होणाऱ्या आठवडाभराच्या जत्रेत, कोळी बांधव जिला ‘मोत माउली’ म्हणतात त्या मातेला, मेणाचे हात, पाय, बाळ, घर असे आकार नवस म्हणून वाहिले जातात. ज्या अवयवाला व्याधी, त्याचा आकार. येथे सर्व धर्मांचे लोक येतात. या मेणकामात सुगंधाला स्थान नाही, पण साच्यात मेण ओतण्याचे कौशल्य तेच.

महाबळेश्वर येथील ‘सनराइज कँडल्स’ हा या क्षेत्रातील महाराष्ट्रातील सर्वपरिचित उद्योग आहे. दृष्टी गमावलेले भावेश भाटिया यांनी मुंबईतील नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या १९५२ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेत मेणबत्ती बनवण्याचे प्रशिक्षण घेतले आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेत हातगाडीवर विक्रीने सुरुवात करून १९९४ मध्ये हा उद्योग उभारला. साध्या, शोभिवंत व सुगंधी अशा मेणबत्त्या बनवणाऱ्या या उद्योगातील कारागीर प्रामुख्याने दृष्टिहीन आहेत. मेण थिजले की नाही हे साच्याच्या भिंतीला हात लावून कळते, कड गुळगुळीत झाली की नाही हे बोटांना कळते आणि सुगंधाची पारख तर नाकाचीच. डोळसांना वाटते तितके हे काम दृष्टीवर अवलंबून नाही. महाबळेश्वर तालुका मधासाठीही प्रसिद्ध असून तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. पोळ्यातून मधाबरोबर निघणारे मेण हा मेणबत्तीचा सर्वांत जुना कच्चा माल.

मेणबत्ती ही दीर्घकाळ लघुउद्योगांसाठी राखीव वस्तू होती. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या राखीव यादीतून वेळोवेळी वस्तू वगळल्या गेल्या आणि उरलेल्या शेवटच्या २० वस्तू एप्रिल २०१५ मध्ये केंद्र सरकारने खुल्या केल्या. त्यात लोणची, अगरबत्ती आणि आगपेट्यांबरोबर मेणबत्तीही होती. आता मोठ्या कंपन्याही हे उत्पादन करू शकतात. साध्या पांढऱ्या मेणबत्तीत किमतीच्या स्पर्धेत टिकणे लहान उत्पादकाला कठीण असते. सुगंध, आकार व हाताची घडण यांसाठी ग्राहक अधिक मोजतो, म्हणून घरगुती उत्पादक सुगंधी मेणबत्तीकडे वळलेले दिसतात.

प्रकाशासाठीच्या मेणबत्तीची गरज मात्र पूर्णपणे संपलेली नाही. मुंबई महानगराच्या हद्दीत असूनही गोरेगावच्या आरे वसाहतीतील काही आदिवासी पाड्यांवर वीज पोहोचायला कित्येक दशके लागली.

वापर आणि सुरक्षितता

पहिल्यांदा पेटवल्यावर वितळलेले मेण पेल्याच्या कडेपर्यंत पोहोचेपर्यंत मेणबत्ती विझवत नाहीत. पेल्याच्या व्यासाच्या प्रत्येक इंचाला साधारण एक तास लागतो. अर्ध्यात विझवल्यास पुढील वेळी ती तेवढ्याच वर्तुळात वितळत राहते. प्रत्येक वेळी वात ५ ते ६ मिलिमीटर ठेवून कातरतात आणि सलग चार तासांपेक्षा जास्त जाळत नाहीत. पॅराफिन काजळी धरते व सोया मेण धरत नाही हा समज अर्धवट आहे. काजळी मुख्यतः लांब वात व वाऱ्याने हलणारी ज्योत यांमुळे येते. दम्याच्या रुग्णांना मात्र कोणत्याही मेणातील तीव्र सुगंधाचा त्रास होऊ शकतो.

मेण वितळवताना भांडे सोडून जाणे हे घरगुती अपघातांचे नेहमीचे कारण असते. मेणाने पेट घेतल्यास त्यावर पाणी टाकत नाहीत. पाण्याची तत्क्षणी वाफ होऊन जळते मेण उसळते. आच बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवणे हा उपाय आहे. उरलेले वितळलेले मेण मोरीत ओतल्यास ते नळीत थिजून ती तुंबते, म्हणून ते साठवून पुढच्या घाण्यात मिसळतात.