भाताच्या खळीवर तोललेली तलवार

१२ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे काशीला दशाश्वमेध घाटावर गंगाआरती पाहत होते. घाट नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतलेला! सामुराईंचा देश आणि मराठी मुलूख, दोघांचाही तलवारीवर भारी जीव. दोन्हीकडे नजर आधी सजावटीवर खिळते. पण त्यातली बरीचशी सजावट कामाची असते.

जपानी म्यानच बघा. ते मॅग्नोलियाच्या लाकडाचं. मऊ, राळ कमी, म्हणून पात्याला गंज चढत नाही. दोन फाळक्या कोरायच्या आणि चिकटवायच्या कशाने, तर भाताच्या खळीने! शिजलेला भात घोटून केलेली ही खळ मुद्दामच बेताची चिकट. उद्या म्यान आतून साफ करायचं झालं, तर फाळक्या न मोडता उकलल्या पाहिजेत. पात्याच्या मुळाशी धातूचं एक छोटं कडं असतं. ते म्यानाच्या तोंडात घट्ट बसतं आणि पातं आत जवळजवळ अधांतरी राहतं. बाहेरचा चकचकीत थर उरुशी झाडाच्या चिकाचा. दमट हवा तो आत शिरू देत नाही. मुठीवरची माशाची खरखरीत कातडी दिसते देखणी, पण तिच्यामुळेच वरचा गोफ सरकत नाही. काही म्यानांच्या कुशीत चिमुकली सुरीही असते.

आपल्याकडे लाकडी म्यानावर मखमल किंवा चामडं. तोंडाशी मोहनाळ, टोकाशी तहनाळ. नक्षी तिथेच खुलते, आणि तलवारीची अणी म्यान फोडून बाहेर येऊ नये ही जबाबदारीही तहनाळीचीच.

१८७५-७६ चा काळ मात्र दोन्हीकडे चटका लावणारा. १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडचा युवराज एडवर्ड काशीत होता; त्याच भारतदौऱ्यात कोल्हापूरहून हिरेमाणकं जडवलेली जगदंबा तलवार त्याला नजर झाली. ती अजून ब्रिटिश राजसंग्रहातच आहे. तिकडे २८ मार्चला जपानने सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली. मुठी आणि म्यानं सजवणारे कितीतरी हात मग फुलदाण्यांकडे, शोभेच्या वस्तूंकडे वळले.

एक तलवार तेवढी परतली. नागपूरकर रघुजी भोसल्यांची. २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून ती ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली, ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. मुठीवर सोन्याची कोफ्तगारी, पातं फिरंगी, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचं नाव. नागपूरच्या पोरांना ती काचेला नाक लावून बघता यायलाच हवी.