पुण्याने देव मिळतो काय?

थंडी चांद्याच्या जंगलात उतरली, धानाची चुरणी आटोपत आली, की चंद्रपूर-बल्लारपूर भागातील ख्रिस्ती घरांवर कागदी चांदण्या लुकलुकू लागतात. नाताळच्या दिवशी शेजारच्या हिंदू घरी करंज्या-चकल्यांचे ताट येते. दिवाळीचे ताट जसे तिकडे जाते तसेच हे इकडे येते. परंतु त्या ताटामागचा धर्म काय सांगतो, हे आपण क्वचितच विचारतो. विचारलेच तर एक प्रश्न हटकून निघतो : ही मंडळी शाळा चालवितात, दवाखाने चालवितात, रोग्यांची शुश्रूषा करितात, ते सारे पुण्याकरिता की आणखी कशाकरिता?

ख्रिस्ती शास्त्राचे उत्तर आपणांस चकित करणारे आहे. सत्कर्मे कितीही केली तरी त्यांच्या मोबदल्यात तारण पदरी पडत नाही, असे ते शास्त्र सांगते. तारण ही देवाची देणगी आहे. तिचे नाव कृपा, आणि ती स्वीकारणारा हात म्हणजे श्रद्धा. मग सत्कर्म कशाला करायचे? वाद नेमका येथेच सुरू होतो, आणि तो त्यांच्या धर्मग्रंथाइतकाच जुना आहे. संत पौलाने आपल्या पत्रांतून ठासून मांडले की मनुष्य नियमशास्त्रातील कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने नीतिमान ठरतो. त्याच 'नव्या करारा'त याकोबाचे पत्र आहे. ज्या विश्वासातून कृती निपजत नाही तो विश्वास निर्जीव होय, असा त्याचा रोखठोक अभिप्राय आहे. उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्याची याकोबाने चांगलीच हजेरी घेतली आहे.

आपल्या परंपरेला हा पेच अपरिचित नाही. रामानुजांच्या अनुयायांत याच प्रश्नावरून दोन पंथ पडले. वानरीचे पोर आईला स्वतः घट्ट धरून राहते, मांजरीचे पिल्लू मात्र काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने वानराचे पोर व्हावे की मांजरीचे पिल्लू? मर्कटन्याय आणि मार्जारन्याय ही नावे अनेक घरांत आजही ठाऊक आहेत. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ तर सर्वांच्या परिचयाचा. जन्मभर पापे केली, अंतकाळी पोटच्या पोराला 'नारायणा' म्हणून हाक मारली, आणि विष्णुदूत धावून आले. येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या चोराची कथा वाचताना आम्हाला अजामिळच आठवतो. त्या चोराला आता एकही सत्कृत्य करण्यास अवधी उरला नव्हता. त्याने केवळ आपली आठवण ठेवण्याची याचना केली, आणि त्याला अभय मिळाले.

तेंदूपत्त्याच्या हंगामात पुड्यांच्या शेकड्यावर मजुरी मोजून घेणाऱ्या गडचिरोलीच्या मजुराला येशूचा एक दृष्टांत नक्कीच खटकेल. द्राक्षमळ्याच्या धन्याने काही मजूर भल्या पहाटे लावले, काही दुपारी, तर काही दिवस मावळायला घटकाभर असताना. संध्याकाळी सर्वांना सारखीच मजुरी दिली. पहाटेपासून राबलेल्यांनी कुरकुर केली, तेव्हा धन्याने विचारले की ठरलेले तुम्हाला मिळाले ना, मग माझे औदार्य तुमच्या डोळ्यांत का सलते? मजुरीच्या न्यायाने ही गोष्ट अन्यायाचीच आहे. देव हिशेबनीस नव्हे, एवढेच तिला सांगायचे आहे.

युरोपात या मुद्द्यावरून धर्मसत्ता दुभंगली. पापदंडाची माफी देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात होती. त्याविरुद्ध मार्टिन लूथरने १५१७ साली जर्मनीत आवाज उठविला आणि तारण केवळ विश्वासाने मिळते असा पक्ष मांडला. कॅथलिक धर्मसभेने १५४७ साली ट्रेंट येथे उत्तर दिले : आरंभ कृपेनेच होतो, परंतु मनुष्याने त्या कृपेला साथ द्यावयाची असते. पुढे कित्येक पिढ्या रक्तपात झाला. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आमच्या कोणत्याही लायकीमुळे नव्हे तर केवळ कृपेने देव आम्हाला स्वीकारतो, आणि तोच सत्कर्माचे बळ देतो, असा त्याचा आशय आहे. मेथडिस्ट, अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन परंपरांच्या जागतिक संघटनांनीही पुढे त्यास अनुमती दिली.

या वादाचे दोन्ही वारस चांद्यात एकमेकांच्या शेजारी नांदतात. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचे मिशन येथे एकोणिसाव्या शतकातच आले. तो अँग्लिकन प्रवाह २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये मिळाला. दुसरीकडे, संत थोमाची परंपरा सांगणाऱ्या केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांचे चांदा धर्मक्षेत्र १९६२ साली निर्माण झाले. १९७७ साली त्याला पूर्ण दर्जा मिळाला. त्याच्या बिशपांचे पीठ बल्लारपुरास आहे.

परंतु परदेशी धर्मसभांपेक्षा हा प्रश्न आपल्याच एका विदुषीच्या आयुष्यात अधिक स्पष्ट दिसतो. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थाटन, पुराणश्रवण, दानधर्म यांत काहीही उणे ठेवले नाही. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने गाठले, द्रव्य संपले, आणि आईवडील थोड्याच काळाच्या अंतराने गेले. पुढे इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनींनी पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी चालविलेले काम रमाबाईंनी पाहिले, आणि त्या हेलावल्या. म्हणजे त्यांना प्रथम ओढून नेले ते सत्कर्माने! २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गंमत अशी की १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या कबूल करितात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. आपण काही केल्यानेच देव प्रसन्न होईल ही समजूत मनातून जाण्यास आणखी सात-आठ वर्षे लागली.

आता कर्माचे ओझे उतरल्यावर माणूस निवांत बसेल असे वाटते. रमाबाईंच्या बाबतीत उलटेच घडले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात हिंडल्या. आपला चांदा जिल्हाही तेव्हा त्याच प्रांतात होता. उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी आपल्या छत्राखाली आणल्या, आणि केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. मिळविण्यासारखे काही शिल्लक नव्हते, म्हणूनच बहुधा त्यांना इतके देता आले. गीतेतील निष्काम कर्माशी याचे नाते आहे, असे आम्हाला वाटते. फरक एवढाच की तेथे फलत्याग साधनेने यावा लागतो, येथे फळ आधीच हाती पडल्याची खात्री असते.

तथापि एक शंका बाजूस सारता येणार नाही. १८९३ साली पुण्याच्या शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती संस्कार होत असल्याचा आरोप झाला, 'केसरी'ने झोड उठविली, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. १९५४ साली मध्यप्रदेश सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली. आपला जिल्हा त्यावेळी त्या राज्यात होता. १९५६ सालच्या तिच्या अहवालाने सेवेआड धर्मांतर चालते असा ठपका ठेवला, आणि ख्रिस्ती संस्थांनी तो नाकारला. त्या वादाचा निवाडा या पानावर होणार नाही. आमचे म्हणणे वेगळे आहे. धान्य वा औषध देऊन विश्वास विकत घेणारा कोणी असेल, तर तो हिंदूंच्या आधी पौलाच्या शिकवणुकीचा अपराधी ठरतो. देणाऱ्याला पुण्य देऊन जे विकत घेता येत नाही, ते घेणाऱ्याकडून भाकरीच्या मोबदल्यात कसे घेता येईल? आणि हाच काटा आपल्या नवसांनाही लावून पाहावा. चैत्रात महाकालीच्या यात्रेला येणारा प्रत्येक नवस व्यवहार नसतो, हे आम्ही जाणतो. तुकोबांनी मात्र नवससायासांना थारा दिला नाही. त्याच तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत, हे येथे ध्यानी घेण्याजोगे आहे.

आपल्या पुराणांत अवतारापूर्वी बहुधा कोणाचे तरी तप असते, पृथ्वीचा आक्रोश असतो. लूकच्या शुभवर्तमानात जन्माची वार्ता प्रथम कळते ती रानात मेंढरे राखीत जागणाऱ्या गुराख्यांना. त्यांनी यज्ञ केला नव्हता, दान दिले नव्हते, ते कोणाची वाटही पाहत बसलेले दिसत नाहीत. २४ डिसेंबरच्या रात्री चंद्रपूर-बल्लारपूरच्या प्रार्थनामंदिरांत त्याच गुराख्यांची कथा सांगितली जाते.